नवी पोरं शिकत नाहीत असं वाटतंय? आधी या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत मशिन शॉपवर, म्हणजे धातूचे भाग कापून घडवतात त्या विभागात, मी 19 वर्षं काढली, त्यातली 11 नव्या पोरांना शिकवण्यात गेली. गेवराई, परतूर, औंढा, अहमदपूर, कुठून कुठून पोरं येतात. आयटीआयचं सर्टिफिकेट, एक बॅग आणि जवळच्या रांजणगावात चौघांनी मिळून घेतलेली खोली. दर सहा महिन्यांनी नवी बॅच येते आणि सुपरवायझरांचं तेच रडगाणं सुरू होतं, 'आजकालच्या पोरांना शिकायचंच नाही.' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. पोराला शिकायचं असतं, घरून तो त्यासाठीच निघालेला असतो. आपल्या तोंडाकडे बघून त्याचं डोकं बंद पडतं, आणि ते आपल्याला दिसत नाही.

हे जे दिसत नाही, ते ओळखण्यालाच भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली ही कल्पना नीट मांडली. आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, आणि त्याचा उपयोग विचार करताना, वागताना करायचा. गोड बोलण्याशी याचा फारसा संबंध नाही.

चूक पहिली : चारचौघांत झापणे

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बीड जिल्ह्यातला एक पोरगा होता. हात चांगला, बोलणं कमी. एका सोमवारी त्यानं मोजमापाच्या शीटवर आकडे चुकीच्या रकान्यात भरले, आणि मी त्याला अख्ख्या लाइनसमोर फैलावर घेतलं. 'वाचता येतं का तुला?' असंही बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, धडा मिळाला.

मंगळवारी त्यानं बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापून मोठं करणारी टीप, बदलला. पहिल्या पीसचा बोअर, म्हणजे आतलं भोक, 50 मायक्रॉन (0.05 मिलिमीटर) कमी आला. ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल किती सरकवायचं ते मशिनला सांगणाऱ्या आकड्यात, 0.05 द्यायचं, त्यानं 0.5 दिलं. पुढचे तीन पीस मोठे झाले. प्लग गेज या भोक तपासायच्या दांड्याची नो-गो बाजू आत जायला नको, ती सरळ आत गेली. त्याला तिथंच कळलं होतं. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला पीस भंगारातच जातो, हेही त्याला माहीत होतं. म्हणजे नुकसान किती? तीन पीस. खराब पिसांच्या लाल डब्यात टाकायचे, मला हाक मारायची, दहा मिनिटांत विषय संपला असता.

त्यानं ते तीन पीस ट्रेमध्ये चांगल्या पिसांच्या खाली सरकवले. मग घाईघाईत ऑफसेट सुधारायला गेला. वाढलेले 0.45 कमी करायचे होते. 'प्लस इनपुट' दाबलं असतं तर आधीच्या आकड्यातून ते वजा झाले असते. त्यानं नुसतं 'इनपुट' दाबलं, आधीचा आकडा पुसला गेला आणि उणे 0.45 तेवढं उरलं. आता बोअर अर्धा मिलिमीटर लहान. एरवी हे बटण त्याचं कधी चुकत नव्हतं.

पुढच्या मशिनवर पीस त्याच बोअरवर धरला जातो. मोठ्या बोअरचा पीस तिथं ढिला बसला, कापताना फिरला, टूल तुटलं. लाइन पावणेदोन तास बंद.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, 'सर, सांगायला आलतो. तुम्ही फोनवर होतात. तुमचं तोंड बघितलं अन् माघारी गेलो.'

त्या रात्री मला झोप लागली नाही. पावणेदोन तासांचा हिशेब त्याच्या नावावर लागला होता, पण त्यातला मोठा वाटा माझ्या सोमवारच्या दोन वाक्यांचा होता.

पुढे एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं काम वाचनात आलं. दवाखान्यांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा त्यांनी अभ्यास केला होता, 1996 साली तो छापून आला. चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद कमी असेल अशी अपेक्षा होती, निघाली जास्त. कारण तिथं माणसं चूक उघड सांगत होती, बाकीच्या ठिकाणी ती दडपली जात होती. 1999 साली त्यांनी एका कारखान्यातल्या 51 टीम तपासल्या. जिथं बोलायला भीती वाटत नाही, तिथं माणसं जास्त शिकतात आणि कामही चांगलं होतं, असं त्यात दिसलं. माझ्या लाइनवर रिजेक्शनची नोंद शून्य असली की मी खूश व्हायचो. आता शून्य दिसलं की आधी ट्रेच्या तळाशी हात घालून बघतो.

माझी सवय अशी : चूक सांगायची ती बाजूला नेऊन, मशिन थांबवून, आणि पहिला प्रश्न 'तुला कुठं कळलं?' हा. 'का केलंस' विचारलं की पोरगं सबब शोधतं. 'कुठं कळलं' विचारलं की त्याला तो क्षण आठवतो, आणि शिकायचं असतं ते नेमकं तिथंच असतं. एकच अपवाद. कोणाचा हात पीस धरून फिरणाऱ्या चकजवळ जात असेल तर सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं ओरडा.

चूक दुसरी : राग गिळला म्हणजे जमलं असं समजणे

वरचं वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. दात आवळून गप्प उभे राहतात आणि म्हणतात, बघा, मी शांत आहे. पोराला ते आवळलेले दात दिसतात. शिवाय याची किंमत आपणच मोजतो. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांनी 2000 साली दाखवलं की चेहऱ्यावर काही दिसू न देण्यात गुंतलेल्या माणसाच्या लक्षात त्या वेळचं कमी राहतं. उलट, प्रसंगाकडेच वेगळ्या नजरेनं बघितलं तर तसं नुकसान होत नाही. हे शिकणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. अपमान गिळत उभा असलेला ट्रेनी तुमचं पुढचं वाक्य ऐकतोय असं वाटतं, पण त्यातलं त्याच्या डोक्यात थोडंच उतरतं.

मी सरळ सांगतो, 'मला आत्ता राग आलाय, दहा मिनिटांनी बोलू.' मग पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जातो. परत येईपर्यंत त्या पोराला मशिनवर येऊन किती दिवस झालेत, ते मोजतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

चूक तिसरी : सगळ्याला 'टेन्शन' म्हणणे

आपल्याकडे धास्ती, लाज, वैताग, चिडचिड, हुरहूर, धाकधूक असे किती शब्द आहेत. शॉपवर उरलाय एकच, टेन्शन. एका पावसाळ्यात दोन पोरं एकाच आठवड्यात म्हणाली, 'सर, टेन्शन हाय.' एकाला मायक्रोमीटर हे बारीक माप घ्यायचं साधन वाचता येत नव्हतं आणि दोन महिने होऊन गेल्यावर विचारायची लाज वाटत होती. दुसऱ्याच्या घरी सोयाबीन पेरून पंधरा दिवस झाले होते, पाऊस नव्हता, दुबार पेरणीचे पैसे कुठून आणायचे म्हणून वडिलांचा रोज फोन यायचा. शब्द एक, पण एकाला अर्धा तास मायक्रोमीटर हातात धरून शिकवायचा होता आणि दुसऱ्याला दोन दिवस गावाकडं जाऊ द्यायचं होतं. दोघांनाही 'टेन्शन घेऊ नको' म्हणून पाठवलं असतं तर?

मॅथ्यू लीबरमन यांच्या 2007 सालच्या प्रयोगात, भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते असं आढळलं. भीतीशी ज्यांचा जवळचा संबंध आहे, त्यांपैकी हा एक भाग. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारतो, 'टेन्शन म्हणजे काय रे, भीती का लाज का वैताग?' पोरं आधी दचकतात, मग सांगतात.

चूक चौथी : एका दिवसाच्या कार्यशाळेवर विसंबणे

हॉलमध्ये टाळ्या, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्टिफिकेट. अशा कार्यक्रमांत हमखास एक वाक्य येतं, 'यशात 80 टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा असतो.' हे चूक आहे. डॅनियल गोलमन या लेखकांनी 1995 साली पुस्तक लिहून हा विषय घराघरांत नेला. त्यांनी लिहिलं ते इतकंच, की बुद्ध्यांकाचा वाटा साधारण 20 टक्के आणि बाकी इतर गोष्टींचा. त्या इतर गोष्टींत घरची परिस्थिती आणि नशीबही आलं. 2020 साली कॅरोलिन मॅककॅन आणि सहकाऱ्यांनी 42 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र केले. भावनिक बुद्धिमत्ता आणि मार्क यांचा संबंध खरा निघाला, पण बेताचा. मला तो बेताचाच आकडा विश्वासाचा वाटतो. मायक्रोमीटर वाचता येत नसेल तर मन ओळखून बोअर बरोबर येत नाही. आणि ज्यांना हे सगळं एका दुपारी शिकायचंय, त्यांना मी स्पष्ट सांगतो, मला साधं गप्प बसून ऐकायला शिकायलाच दोन वर्षं लागली.

बाकीच्या, थोडक्यात

'समजलं का?' विचारू नका, उत्तर 'हो सर' असंच येतं. 'आता तू मला शिकव' म्हणा.

चूक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चारचौघांत झापण्यापेक्षा ते वाईट, कारण ते रात्री खोलीवर जाऊनही पुन्हा वाचलं जातं.

'तो बघ, तुझ्यासोबतच लागला, किती पुढं गेला' हे वाक्य कायमचं सोडा.

शाबासकी मोघम देऊ नका. 'छान' ऐकून पोराला काही कळत नाही. 'गेज लावायच्या आधी बोअर पुसलास, ते बरोबर केलंस' यातून कळतं.

आणि रात्रपाळीत पहाटे तीननंतर कोणालाही मोठी चूक समजावत बसू नका. तुम्हीही थकलेले, तोही. मशिन सुरक्षित करा, पीस बाजूला ठेवा, कागदावर दोन ओळी लिहून खिशात टाका. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी चहावर बोला. माझ्या खिशात असे कागद नेहमी असतात, आणि त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी वाचल्यावर मी न बोलताच फाडून टाकतो.