गावातल्या प्रश्नमंजुषेसाठी इतिहासाचे प्रश्न कसे काढावे

अकोट तालुक्यातल्या आमच्या गावात शारदा बसली की एक रात्र प्रश्नमंजुषेची असते. प्रश्न मी काढते. पहिल्या वर्षी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून चाळीस प्रश्न जसेच्या तसे उतरवले. "वास्को द गामा कालिकतला कधी आला?" क्लासला जाणाऱ्या दोन पोट्ट्यांनी १४९८ सांगून टाकलं. बाकीची लेकरं सतरंजीवर गप्प बसून होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून नुसतं साल विचारत नाही. प्रश्न आपल्या शिवारातून निघावा आणि दूर जावा. आमच्या गावातून उत्तरेला सातपुडा दिसतो, म्हणून असा प्रश्न काढला: १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीने १८०३ च्या डिसेंबरात आपल्या भागातला कोणता किल्ला घेतला? एवढ्यावर सांगितलं तर १५ गुण. "किल्ला सातपुड्यात आहे" म्हटल्यावर १०. "चिखलदऱ्याला गेले होते ना, तिथंच जवळ" म्हटल्यावर ५. गाविलगड! तिसऱ्या इशाऱ्याला मागच्या रांगेतलीही पोरं उठून उभी राहतात. हाच वेलस्ली १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला, हे उत्तरानंतर सांगायचं. आधी नाही.

शेगावला पायी जाणाऱ्यांच्या गावात हा प्रश्न हमखास रंगतो: गांधीजी वर्ध्याजवळ ज्या सेगावात राहायला गेले, त्याचं नाव सेवाग्राम का झालं? टपाल सेगावऐवजी आपल्या शेगावला जाऊन पडायचं, म्हणून.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट. 'पहिला' आणि 'शोध लावला' हे शब्द आले की थांबा, दोन ठिकाणी पडताळा. भारताचे पहिले कृषिमंत्री कोण, म्हटलं की आपल्याकडे लहान लेकरूही पंजाबराव देशमुख सांगतं. पण १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न आणि शेती खातं डॉ. राजेंद्र प्रसादांकडे होतं. पंजाबराव, म्हणजे आपले भाऊसाहेब, १९५२ ला कृषिमंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर चुकीची गोष्ट नको. मी विचारते: पापळला जन्मलेले कोणते नेते १९५२ मध्ये देशाचे कृषिमंत्री झाले?

तसंच कापसाच्या जिनाचं. सरकी काढायचं यंत्र कोणी शोधलं, असं विचारू नका. लाकडी रुळांची हातचरखी आपल्याकडे शेकडो वर्षं चालत होती. "अमेरिकेत १७९४ साली सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट कोणाला मिळालं?" असं विचारा, म्हणजे एली व्हिटनी हे एकच उत्तर उरतं.

बाकीचं सोपं आहे. चार-चारचे गट, प्रत्येकात पाचवीचं एक तरी लेकरू, आणि पहिलं उत्तर त्यानेच द्यायचं. वीस प्रश्न पुष्कळ झाले. कोणी हरकत घेतली तर त्याला पूर्ण बोलू द्या. त्याचं खरं निघालं तर माईकवर सांगून गुण द्या.

बरोबरी झाली तरच सालाचा प्रश्न काढते. गोंड राजा बख्त बुलंद शाहने नागपूर कधी वसवलं? दोन्ही गटांनी पाटीवर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. १७०२ च्या जास्त जवळ जो असेल, तो जिंकला.