पाणी यायच्या दिवशी पाईप जोडू नका, गॅसच्या नळीला टेप गुंडाळू नका

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि प्लंबिंगची बरीच कामं इथंच बिघडतात. लाईन कोरडी असते तेव्हा गळतीकडं कुणी बघत नाही. पाणी यायच्या दिवशी सकाळी मात्र फोन, "अण्णा, पाणी यायलंय, पटकन जोडून द्या ओ." पटकन जोडलेला जॉइंट टिकत नाही, हे किती वेळा सांगायचं.

पूर्व भागातलं एक घर सांगतो. पुढं पॉवरलूम, मागच्या खोलीत टॉवेलचे गठ्ठे बांधून ठेवलेले, दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. टाकीवरून खाली येणाऱ्या पाईपचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, ठिबकत होता. घरातल्या पोरानं व्हिडिओ बघितला, हॅक्सॉनं पाईप कापला, तोंडावरचा कीस तसाच, आतून पाणी ठिबकतंय, त्याच्यावरच पाईप चिकटवायचं सोल्युशन फासलं, एल्बो दाबला आणि पाणी आलंय म्हणून लगेच मोटर लावून टाकी भरली. संध्याकाळपर्यंत थेंब नाही, सगळे खूश. रात्री सगळे झोपल्यावर एल्बो सुटला आणि १००० लिटरची टाकी त्या खोलीत रिकामी झाली. सकाळी मी एल्बो हातात घेतला तर आतून नवाकोरा, ओल्या पाईपवर सोल्युशन धरलंच नव्हतं. चाळीस रुपयांच्या सामानापायी बांधलेला माल भिजला, आणि ज्यानं विणला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

माझी पद्धत अशी. व्हॉल्व्ह बंद करून पाईप पूर्ण रिकामा होऊ द्यायचा, फडक्यानं आतबाहेर पुसायचा, कीस ब्लेडनं काढायचा. सोल्युशन पाईपलाही आणि फिटिंगलाही, पातळ. पाव वेढा फिरवत आत घालायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, कारण सोडलं की पाईप मागं सरकतो. मग डब्यावर लिहिलेला वेळ पाळायचा, मी तर रात्रभर पाणी सोडत नाही, गिऱ्हाईक चिडलं तरी चालेल. मे महिन्यात गच्चीवरचं काम मी ऊन चढायच्या आत उरकतो, कारण दुपारी सोल्युशन ब्रशवरच सुकायला लागतं. डब्यात घट्ट झालेलं सोल्युशन थिनर टाकून वापरणाऱ्याला मी परत कामाला घेत नाही.

गरम पाण्याला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप, साधा पीव्हीसी तिथं मऊ पडतो. टेफलॉन टेप आट्याच्या दिशेनं गुंडाळा, उलटा गुंडाळला की आवळताना सुटून येतो. प्लास्टिकच्या आट्यावर पान्यानं जोर काढू नका, तडा आज जातो आणि गळती महिन्यानं दिसते. बोअरच्या पाण्यानं नळाची जाळी पांढरी होऊन धार बारीक झाली तर नळ बदलायची गरज नाही, जाळी काढून व्हिनेगरमध्ये ठेवा. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून तिथं डमी (तोंड बंद करायचं बूच) ठोकू नका, आत दाब वाढला तर तो बाहेर पडायची जागा तीच आहे. नळाच्या लाईनला थेट मोटर लावणं तर बंदच करा, शेजाऱ्याचं पाणी जातंच, पण लाईन ओढली की फुटक्या जागेतून गटाराचं पाणीही आत येतं आणि तेच तुमच्या हंड्यात पडतं.

आता गॅस. पाणी गळलं तर माल भिजतो, इथं माणूस जातो. भवानी पेठेत एका मावशींनी बोलावलं, तक्रार एवढीच की सिलेंडर लवकर संपतोय. शेगडीमागं बघितलं तर नळीचं टोक तडकलेलं आणि त्याच्यावर इन्सुलेशन टेप, वर सायकलची ट्यूब कापून बांधलेली. साबणाचं पाणी लावलं, भराभर बुडबुडे. शेजारीच फ्रिज. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, खाली फरशीवर साचतो, आणि फ्रिजची स्वीच तिथंच ठिणगी टाकते. रोज वास यायचा म्हणे, पण सवय झाली होती. हे ऐकून मला खरंच घाम फुटला.

नळीला दुरुस्ती नसते, नळी बदलायची असते. आयएसआय मार्कची नारंगी सुरक्षा नळी घ्या, पाच वर्षांत बदला, तारीख नळीवरच असते. टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन शेगड्या जोडू नका, नळी कपाटामागं दडवू नका, उंदीर कुरतडतात आणि कळत नाही. शेगडी सिलेंडरपेक्षा उंच, सिलेंडर उभाच. गळती काडी पेटवून बघणारे अजून भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, फक्त साबणाचं पाणी.

वास आला तर लाईट लावू नका आणि चालू असलेली बंदही करू नका, एक्झॉस्टलाही हात नाही. पेटतं असेल ते विझवा, रेग्युलेटर बंद करून काढा, सिलेंडरवर सेफ्टी कॅप बसवा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाईनला फोन करा.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात नको, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि सिलेंडर घेताना तो आणून देणारं पोरगं घाईत असलं तरी त्याला दोन मिनिटं थांबवा. सील बघा, कॅप काढून आतली रबरी रिंग जागेवर आहे का बघा, कड्याच्या पट्टीवरची टेस्टची तारीखही वाचा. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, आणि पुढचा आकडा वर्षाचा. तारीख उलटलेला सिलेंडर दारातूनच परत पाठवा.