फोटो कशासाठी काढायचे? आधी हे ठरवा, मग कॅमेरा बघा

‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असं विचारलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. बजेट महत्त्वाचं आहेच, पण त्याच्याही आधी विचारायला हवं ते हे, की फोटो कशासाठी काढायचेत. नातवंडांचे फोटो काढू पाहणारे आजोबा, भिगवणला पक्ष्यांमागे जाणारी कॉलेजातली मुलगी आणि ऑफिसनंतर तासभर डोकं शांत व्हावं म्हणून गल्लीबोळ हिंडणारा माणूस, या तिघांनाही एकाच खोक्यातला कॅमेरा विकला तर त्यातल्या दोघांचा तरी लवकरच कपाटात जाऊन बसतो. कॅमेरा वाईट नसतो, पण त्यांना हवं होतं ते काम त्याच्याकडून होणार नसतं.

कारण शोधायला कागद-पेन नको, मोबाइल पुरे. गेल्या वर्षभराची गॅलरी उघडा. फॉरवर्ड आलेलं, स्क्रीनशॉट, बिलांचे फोटो बाजूला टाका. उरलेल्यातून पन्नास फोटो असे निवडा, की जे पुसले गेले तर खरंच हळहळ वाटेल. ‘चांगले’ फोटो निवडू नका, हळहळीचे निवडा. आता त्यात काय सारखं येतंय ते पाहा: घरची माणसं, झाडं-पाखरं, अनोळखी चेहरे, की भिंतीवरची सावली आणि ओली पायरी? पन्नासातले तीस एकाच जातीचे निघाले तर उत्तर मिळालं. सगळं थोडं थोडं निघालं तर अजून वर्षभर मोबाइलवरच काढा, पैसे वाचतील.

मग एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा. हे फोटो कुणालाच दाखवायचे नाहीत असं ठरलं, तरी काढाल का? शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिवियन मायरने लाखभराहून अधिक फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. भाडं थकल्यामुळे गोदामातल्या तिच्या सामानाचा २००७ मध्ये लिलाव झाला, तेव्हा कुठे ते काम लोकांसमोर आलं. सगळ्यांनी असं वागावं असं नाही. फोटो दाखवून कौतुक मिळवणं हेही चोख कारण आहे, फक्त ते स्वतःशी कबूल करावं. कारण मग खर्च लेन्सवर कमी आणि एडिटिंग शिकण्यावर जास्त करायचा असतो.

घरच्यांच्या आठवणींसाठी

सर्वांत जास्त लोक याच कारणाने कॅमेरा घेतात आणि सर्वांत जास्त चुकीचा सल्लाही यांनाच मिळतो. ‘फिफ्टी घ्या, स्वस्त आणि मस्त,’ असं कुणीही सांगतं. ५० मिमी एफ१.८ ही लेन्स उत्तमच आहे, पण क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिचा आवाका ७५ ते ८० मिमीसारखा, म्हणजे आणखी अरुंद होतो. दहा बाय बाराच्या खोलीत आई आणि बाळ दोघं फ्रेममध्ये घ्यायचे तर तुमची पाठ भिंतीला टेकते, तरी पाय कापले जातात. घरात वापरायची असेल तर ३५ मिमी किंवा त्याहून रुंद घ्या.

उजेड खिडकीचा वापरा. मूल खिडकीपासून तीन ते पाच फुटांवर, खिडकी त्याच्या एका बाजूला, आणि खोलीतले दिवे बंद. दिवे चालू ठेवले तर अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळसर येतो. तो रंग नंतर एडिटिंगमध्ये काढताना नाकी नऊ येतात. तुम्ही जमिनीवर बसा. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. बसलेल्या मुलासाठी शटर (ते किती वेळ उघडं राहतं, सेकंदात) १/२५०, पळणाऱ्यासाठी १/५००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ२ ते एफ२.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. आयएसओ ३२०० झाला म्हणून घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

रात्री ट्यूबलाइटखाली किंवा गणपतीच्या मखरातल्या एलईडी माळांपुढे फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, किंवा लागोपाठच्या फोटोंचा रंग बदलत जातो. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. बहुतेक वेळा पट्टे जातात. औक्षणाच्या वेळी फ्लॅश मात्र नको. निरांजनाचा जो उबदार उजेड चेहऱ्यावर पडलेला असतो, तोच फ्लॅशने मरतो. एफ२, १/१००, आयएसओ १६०० ते ३२०० यात तो छान धरता येतो.

आठवणींसाठी फोटो काढणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट हमखास सुटते: चेहऱ्यांपलीकडचं घर. आजीचे भाकरी थापणारे हात, मिसळणाचा डबा, दारामागची चपलांची रांग, वाण्याची वही. वीस वर्षांनी याच फोटोंवर सगळ्यांची नजर अडकते. दुसरं म्हणजे फोटो काढणारा माणूस स्वतः अल्बममध्ये कुठेच नसतो. दर कार्यक्रमात दहा मिनिटं कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या.

प्रिंट काढा. ४ बाय ६ इंची प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आतच काम होतं. मेगापिक्सेलच्या जाहिरातींना भुलण्याचं या छंदात तरी कारण नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, नाहीतर फाइल आकसून येते. नावं आणि साल अल्बमच्या पानावर लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर दाब समोर उमटतो.

पक्ष्यांसाठी

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांतही दोन जाती आहेत. एकाला पक्षी ओळखायचा असतो, यादी वाढवायची असते. दुसऱ्याला चित्र हवं असतं. पहिल्याचं काम साध्या सुपरझूम कॅमेऱ्यातही (लेन्स न बदलता खूप लांबचं जवळ आणणाऱ्या) भागतं. त्याने चोच, पाय, पंखावरचे पट्टे दिसतील असा बाजूने फोटो घ्यावा आणि कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर लावलेली असावी. नोंदीसाठी धूसर फोटोही सोन्यासारखा. दुसऱ्याला मात्र खिसा मोकळा करावा लागतो. ५५–२५० मिमीसारख्या झूमने फ्लेमिंगोंचा थवा छान येतो, पण खंड्या फ्रेमच्या मधोमध ठिपक्यासारखा दिसतो. १००–४०० किंवा १५०–६०० इथून पुढे खरी मजा, आणि १५०–६०० लेन्स सुमारे दोन किलोची असते हे खांद्याला आधी विचारून घ्या. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा.

भिगवणचंच उदाहरण घेऊ. उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो असतात. कुंभारगाव, डिकसळ इथून नावा मिळतात. उजाडतानाच पाण्यात असावं आणि ऊन पाठीशी राहील अशी नाव न्यायला सांगावी. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ येतात. लोक तेव्हा लेन्सला दोष देतात, पण कितीही महाग लेन्स लावली तरी ती थरथर जात नाही. नावेत ट्रायपॉड लावू नका, नावेचा हादरा त्यातून थेट कॅमेऱ्यात जातो. कोपर अंगाशी घेऊन हातातच धरा आणि जितकं खाली बसता येईल तितकं बसा. इंजिन लांबच बंद करून नाव वल्ह्याने किंवा बांबूने पुढे न्यायला सांगा.

उडत्या पक्ष्याला १/२०००, बसलेल्याला १/५००, फोकस कंटिन्युअसवर (हलत्या पक्ष्याबरोबर सतत बदलणारा), आयएसओ ऑटो. गडद पाण्यापुढचा पांढरा बगळा नुसताच पांढरा डाग येतो, कारण कॅमेरा अंधाराकडे बघून उजेड वाढवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) –०.७ ते –१ करा. उजळ आभाळापुढे घार असेल तर उलट, +१. थवा उडावा म्हणून नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगणारे महाभाग असतात. त्या उडवण्यात पक्ष्यांचं चरणं थांबतं, शिवाय फोटोही बहुतेक वेळा पाठमोरा येतो. घरट्यांचे फोटो काढू नयेत, आणि घरट्याचा ठावठिकाणा तर कुठेच टाकू नये.

माणसांसाठी, आणि माणसांत जाण्याचं निमित्त म्हणून

बुजऱ्या स्वभावाच्या कित्येकांना कॅमेरा हातात असला की गर्दीत उभं राहायला कारण मिळतं. त्यांनी मोठी झूम घेऊ नये. लांबून चेहरे टिपत राहिलं की बोलायची वेळच येत नाही, आणि मूळ हेतूच बुडतो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५ ची किटलेन्स १८ वर ठेवा, एफ८, मॅन्युअल फोकस अडीच मीटरवर. क्रॉप सेन्सरवर साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. फोकस लागायची वाट बघावी लागत नाही, कॅमेरा उचलला की फोटो. शटर १/५००.

आषाढी वारी यासाठी मोठी शाळा आहे. तिथे धूळ आणि पाऊस एकाच दिवसात भेटतात, म्हणून रस्त्यात लेन्स बदलायची नाही. साधी प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर घालून लेन्सच्या तोंडाशी रबरबँड लावला तरी भुरभुर पावसात निभावतं. आधी ‘माऊली’ म्हणून बोला, चार पावलं सोबत चाला, मग कॅमेरा वर घ्या. अंघोळीच्या, झोपलेल्या, जेवणाऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. लहान मुलांच्या आईबापांना विचारा. फोटो पाठवतो म्हणालात तर पाठवाच.

एकेकट्या चांगल्या फोटोंनी काही दिवसांनी मन भरत नाही, तेव्हा एकच विषय धरा. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. तुमचा विषय आवाक्यातला असू दे: आपल्या पेठेतली जुनी दुकानं, आठवडी बाजारातले हात. महिन्याला एक फेरी, वर्षाअखेर वीस फोटो. पुष्कळ झाले.

नुसतं डोकं शांत व्हावं म्हणून

इथे नवीन काही घ्यायचं नसतं, उलट कमी करायचं असतं. एकच लेन्स किंवा मोबाइलची एकच चौकट, एकच रस्ता, चाळीस मिनिटं, आणि जास्तीत जास्त ३६ फोटो. फोटो काढल्यावर तो लगेच स्क्रीनवर दिसतो ती सोय मेनूतून बंद करा, मोबाइल असेल तर एरोप्लेन मोड. काढलेले फोटो आठवडाभर उघडायचे नाहीत आणि कुठे टाकायचेही नाहीत. हे बिघडतं ते एकाच जागी: ‘आज काही मिळालं नाही’ असं वाटायला लागलं की फेरीची शिकार होते. त्या दिवशी एकाच वस्तूचे, समजा एखाद्या खिडकीच्या गजांचे, दहा वेगवेगळ्या जागांवरून दहा फोटो काढा आणि घरी या.

काहींना फोटोपेक्षा कॅमेराच आवडतो. फिरत्या चकत्या, शटरचा आवाज, जुनी रोलची यंत्रं. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त नवनव्या डिजिटल बॉडीमागे (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यामागे) पैसे घालवण्यापेक्षा जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांकडे वळा. समाधान जास्त आणि भाव फारसा पडत नाही.

सगळ्यांनाच लागू: साठवण आणि पावसाळा

२४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. भिगवणच्या एका सकाळी पंधराशे फोटो झाले तर ४० जीबी. त्याच दिवशी निवड करा. पहिल्या फेरीत हललेले आणि डोळे मिटलेले काढा, दुसऱ्यात एकसारख्यांमधला एक ठेवा. दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कार्ड दोन्ही प्रती झाल्यावरच पुसायचं.

मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक नक्षीने सुरुवात होते आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला की साफ करूनही डाग राहतो. कातडी पाकिटं आणि कपड्यांचं कपाट या दोन सर्वांत वाईट जागा. रबराची कड असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि अधूनमधून वापरा. बंद कपाटात, अंधारात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशीचं आयतंच फावतं.

कारण बदलतं. मूल मोठं होतं, फोटोला नाही म्हणायला लागतं आणि तुम्ही अचानक फुलपाखरांमागे लागता. म्हणून पहिल्या दिवसापासून खोकं आणि बिल जपा, विकताना बरा भाव येतो. जुनी लेन्स घेताना पुढचं-मागचं झाकण काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. चार-दोन धुळीचे कण चालतात. धागे किंवा धुरकट थर दिसला तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. मग फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कुठे अडकते का ते हाताला कळतं. शेवटी स्वतःच्याच बॉडीवर लावून सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर वर्तमानपत्राच्या पानाचा सरळ समोरून फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी हवीत. एकच कोपरा धूसर आला तर ती लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी.