ओढलेले कार्ड जागेवर बसत नसेल तर ड्रॅग अँड ड्रॉपमधील दोष कसा शोधावा

वेब पानावरील कामांच्या यादीतील एखादे कार्ड ‘बाकी’ या रकान्यातून ‘पूर्ण’ या रकान्यात ओढून नेले आणि माउसचे बटण सोडताच ते मूळ जागी परतले, तर कोडमध्ये अंदाजाने फेरफार करण्याआधी घटनांची साखळी नेमकी कुठे तुटली हे पाहावे. त्यासाठी ड्रॅगस्टार्ट (ओढणे सुरू), ड्रॅगओव्हर (एखाद्या घटकावरून ओढणे चालू), ड्रॉप (सोडणे) आणि ड्रॅगएंड (ओढणे संपले) या चार इव्हेंटच्या, म्हणजे ब्राउझर कळवत असलेल्या घटनांच्या, हँडलरमध्ये (घटना घडताच चालणाऱ्या कोडमध्ये) एकेक कन्सोल लॉग (ब्राउझरच्या कन्सोलमध्ये उमटणारा संदेश) टाकून कार्ड पुन्हा ओढावे. जो संदेश उमटत नाही, तिथून शोध सुरू करावा.

ड्रॅगस्टार्टच उमटत नसेल तर कार्डाच्या एचटीएमएल टॅगमधील ड्रॅगेबल हे ॲट्रिब्यूट (गुणधर्म) तपासावे. ते नुसते लिहून भागत नाही, त्याची किंमत ‘ट्रू’ अशी स्पष्ट द्यावी लागते. चित्रे आणि लिंक मात्र मुळातच ओढता येतात, त्यामुळे कार्डातील फोटोवर बोट पडले की कार्डाऐवजी फोटोच हातात येतो. अशा फोटोला ‘फॉल्स’ द्यावे.

ड्रॅगस्टार्ट उमटतो पण ड्रॉप उमटत नाही, हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. पानावरील बहुतेक घटक काहीही स्वीकारत नाहीत असेच ब्राउझर गृहीत धरतो, म्हणून ज्या रकान्यात कार्ड टाकायचे त्याच्या ड्रॅगओव्हर हँडलरमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरचे नेहमीचे वर्तन थांबवणारे फंक्शन) बोलावलेच पाहिजे. ते केवळ ड्रॉपमध्ये लिहिले तर उपयोग होत नाही, कारण तोवर नकार देऊन झालेला असतो. एवढे करूनही ड्रॉप येत नसेल तर इफेक्टअलाउड (ओढलेल्या घटकासाठी मान्य केलेली क्रिया) आणि ड्रॉपइफेक्ट (रकान्याने निवडलेली क्रिया) यांचा मेळ पाहावा: एकीकडे ‘मूव्ह’ आणि दुसरीकडे ‘कॉपी’ असेल तर ब्राउझर ड्रॉप होऊच देत नाही.

ड्रॅगओव्हरमध्ये गेटडेटा (ओढलेली माहिती वाचणारे फंक्शन) रिकामे उत्तर देते, हा मात्र दोष नव्हे. सुरक्षेसाठी ओढलेली माहिती ड्रॉपच्या क्षणीच वाचता येते. तोवर फक्त तिचे प्रकार दिसतात.

रकान्याची रंगीत कड लुकलुकत असेल तर आतल्या कार्डांवरून कर्सर जाताना येणारे ड्रॅगलीव्ह (कर्सर घटकाबाहेर गेल्याचा इव्हेंट) त्याला कारणीभूत असते. रिलेटेडटार्गेट, म्हणजे कर्सर ज्यावर गेला तो घटक, त्याच रकान्याच्या आत आहे का हे तपासावे आणि आत नसेल तरच कड हटवावी.

स्पर्शपडद्यावर या इव्हेंटचे वर्तन ब्राउझरगणिक बदलते, त्यामुळे मोबाइलवर पॉइंटर इव्हेंट (माउस, बोट आणि पेन यांसाठी सामायिक इव्हेंट) वापरणे मला अधिक भरवशाचे वाटते. ओढायच्या भागाला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन (स्पर्श झाल्यावर ब्राउझरने काय करावे हे ठरवणारा गुणधर्म) ‘नन’ द्यावे, अन्यथा ब्राउझर पान सरकवू लागतो आणि पॉइंटरकॅन्सल येऊन ओढणे मध्येच थांबते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या, वेब अपंगांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या निकष २.५.७ नुसार, जिथे ओढणे अपरिहार्य नाही तिथे न ओढताही तेच काम करता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक कार्डावर ‘पुढील रकान्यात न्या’ असे बटण अवश्य ठेवावे. हात थरथरणाऱ्या माणसाला त्याची खरी गरज असते, आणि दोष शोधतानाही ते कामी येते: बटणाने कार्ड नीट हलत असेल तर चूक ओढण्याच्या कोडमध्ये आहे, तेही हलत नसेल तर यादी अद्ययावत करणाऱ्या कोडकडे वळावे.