साथसंगतीकडून स्वतःच्या गाण्याकडे : वादकासाठी मार्गदर्शन

वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या साथीला उभा राहिलेला वादक जेव्हा स्वतःची गाणी लिहून, त्यांना चाल लावून ती स्वतः गायचे ठरवतो, तेव्हा त्याची सुरुवात नवख्याची नसते. शेकडो गाण्यांची बांधणी त्याने आतून पाहिलेली असते, श्रोत्यांचे लक्ष कोठे ढळते हे त्याला पाठीमागून दिसलेले असते, आणि ध्वनिव्यवस्था बिघडली तरी लय सोडायची नाही हे त्याच्या हातात मुरलेले असते. त्याला सवय नसते ती निर्णय घेण्याची. पट्टी कोणती, लय किती, अंतऱ्यानंतर थांबायचे की थेट मुखड्यावर यायचे, गाणे कोठे संपवायचे, हे आजवर दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते आणि तो ठरलेले उत्तम रीतीने पार पाडत आलेला असतो. पुढच्या सर्व सूचना या एकाच गोष्टीभोवती आहेत : वादनातले कौशल्य तसेच ठेवून निर्णयाची जबाबदारी आपल्याकडे घेणे.

हा प्रवास अनेकांनी केला आहे आणि तो बहुधा सावकाश झाला आहे. अमेरिकी गायक ल्यूथर व्हॅन्ड्रॉस यांनी १९७०च्या दशकात गायक डेव्हिड बोवी यांच्यासह अनेकांसाठी पार्श्वस्वर दिले, जाहिरातींची गाणी गायली, आणि त्यांचा स्वतःच्या नावाचा गाजलेला संग्रह १९८१ मध्ये आला. अमेरिकी गायिका शेरिल क्रो १९८७ ते १९८९ या काळात मायकल जॅक्सन यांच्या दौऱ्यात मागे उभ्या राहून गात होत्या. पुढे स्वतःचा एक संपूर्ण संग्रह ध्वनिमुद्रित होऊनही तो बाजूला ठेवला गेला, आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचलेला पहिला संग्रह १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून साथीचे काम एका दिवसात सोडू नये. त्यातून येणारे उत्पन्न आपल्या गाण्यांना पिकायला वेळ देते. मात्र आठवड्यातले काही तास केवळ स्वतःच्या गाण्यांसाठी राखून ठेवावेत, आणि त्या वेळेत आलेले साथीचे बोलावणे नाकारण्याची तयारी ठेवावी.

आधी आवाज, मग वाद्य

पहिले काम म्हणजे आपल्या आवाजाचा आवाका मोजणे. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा असा स्वर शोधावा, जो सकाळी, थकलेले असताना आणि सलग अर्धा तास गाऊन झाल्यावरही नीट लागतो. एखाद्या चांगल्या दिवशी एकदाच लागलेला स्वर हिशेबात धरू नये. गाण्यातला सर्वांत उंच स्वर या वरच्या मर्यादेच्या निदान एक पूर्ण स्वर खाली राहील अशी पट्टी निवडावी. येथे वादकाची एक सवय आड येते. बोटांना जी पट्टी सोयीची, जिच्यात मोकळ्या तारा छान वाजतात किंवा जिच्यात आपले आवडते कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) बसतात, तीच तो नकळत निवडतो आणि मग आवाजाला त्या पट्टीत ओढत नेतो. गिटार वाजवणाऱ्याकडे यासाठी कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायची पकड आहे, जिने प्रत्येक फ्रेटगणिक (मानेवरच्या आडव्या पट्टीगणिक) पट्टी अर्ध्या स्वराने वर जाते आणि बोटांची ठेवण तशीच राहते. कीबोर्ड वाजवणाऱ्याने मात्र पट्टी बदलून वाजवण्याचा रियाज केलेला बरा, कारण ट्रान्सपोजच्या बटणावर विसंबलेला हात मंचावर कधीतरी फसतो.

वाजवणे आणि गाणे ही दोन्ही कामे वेगवेगळी येत असली तरी एकत्र येतीलच असे नाही. यासाठी पायरीपायरीने जावे. प्रथम वादन इतके सोपे करावे की ते लक्ष न देता चालू राहील. त्यावर गाण्याचे शब्द नुसते लयीत बोलावेत, मग एकाच स्वरावर गावेत, आणि शेवटी चालीसह गावेत. ज्या ठिकाणी हात अडखळतो तेथे वादन आणखी सोपे करावे. शब्द घाईने उरकू नयेत. ही तडजोड वादकाला जड जाते, कारण त्याची ओळख त्या अवघड जागांवरच उभी असते. परंतु श्रोता गायकाचा शब्द ऐकायला आलेला असतो, आणि शब्दामागून धावणारी कुशल बोटे त्या शब्दालाच झाकून टाकतात.

ध्वनिमुद्रणात आपला आवाज पातळ आणि परका वाटला तर घाबरू नये. बोलताना किंवा गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून येणारा भाग खालचे स्वर भरदार करतो. मुद्रणात तो भाग नसतो. इतरांना आपण जसे ऐकू येतो तसेच मुद्रण असते. रोज थोडे मुद्रित करून ऐकण्याची सवय लावली की ही ओळख होते आणि सुधारणा नेमकी कोठे हवी ते कळू लागते. गाण्यापूर्वी बारीक स्ट्रॉमधून गुणगुणत सूर वर-खाली नेण्याचा व्यायाम करावा; त्याने स्वरतंतूंवर फार ताण न येता आवाज मोकळा होतो.

गाणे लिहिताना

वादकाची गाणी बहुधा कॉर्डच्या मालिकेतून किंवा एखाद्या आकर्षक सुरावटीतून जन्माला येतात. त्यात चूक नाही, पण धोका आहे : वाद्यानेच सगळी जागा भरून टाकली की चालीला हलायला वाव राहत नाही आणि शब्द उरलेल्या फटीत कोंबले जातात. यावर उपाय म्हणून काही गाणी वाद्य बाजूला ठेवून लिहावीत. चालताना किंवा घरातले काम करताना नुसती चाल गुणगुणावी, तीवर शब्द बसवावेत, आणि वाद्य अगदी शेवटी हातात घ्यावे. वाद्यातून सुरू झालेल्या गाण्यालाही हीच कसोटी लावावी : कोणत्याही साथीशिवाय ते एकदा अथपासून इतिपर्यंत गाऊन पाहावे. जेथे कंटाळा येतो तेथे चाल कमकुवत आहे आणि आजवर तिला वाद्याने सावरून धरले होते, असे समजावे.

शब्दांच्या बाबतीत लघु-गुरूंचे भान अत्यंत उपयोगी पडते. लांब ठेवलेल्या स्वरावर दीर्घ अक्षर आले तर शब्द सहज फुलतो. तेथे ऱ्हस्व इकार किंवा उकार आला तर तो ताणला जाऊन दीर्घच ऐकू येतो आणि क्वचित अर्थही बदलतो. उंच स्वरावर ‘आ’ उघडा लागतो, तेथे ‘ई’ बहुतेकांच्या गळ्यात आवळला जातो. ठेक्याची सम आणि वाक्यातला महत्त्वाचा शब्द एकत्र आले की ओळ पहिल्याच ऐकण्यात पोहोचते. साथ करताना वादकाने मोठ्या गायकांच्या गळ्यातून हे असंख्य वेळा ऐकलेले असते. आता लिहिताना ते जाणीवपूर्वक वापरावे. कोणता शब्द उघडा पाडायचा हे ठरले की त्याच्या आसपासचे वादन कमी करावे. साथीदार म्हणून इतरांच्या गायनासाठी जी जागा आपण मोकळी सोडत होतो, तीच आता स्वतःच्या गायनासाठी सोडायची आहे, आणि हे वाटते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. साथीदाराच्या हातात आणि कानात इतरांच्या हजारो सुरावटी साठलेल्या असतात, आणि नवी म्हणून सुचलेली चाल त्यांपैकीच एखादी असू शकते. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन यांच्याविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेतील न्यायालयाने १९७६ मध्ये असा निर्णय दिला की नकळत झालेली नक्कलही नक्कलच ठरते. म्हणून प्रत्येक नवी चाल एक-दोन अनुभवी वादकांना ऐकवावी आणि ‘हे कशासारखे वाटते’ असा थेट प्रश्न विचारावा. ‘आवडले का’ या प्रश्नापेक्षा त्याचे उत्तर अधिक कामाचे असते.

गाणी किती लिहावीत, याला ठराविक आकडा नाही. पण मंचावर सहा गाणी न्यायची असतील तर त्याच्या दुप्पट तरी लिहिलेली असावीत, म्हणजे निवड करण्याची, अर्थात काही गाणी टाकून देण्याची सवय लागते.

मंचावर

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात बोलणे आणि सूर जुळवणे धरून सहा ते सात गाणी बसतात. क्रम लावताना लागोपाठच्या दोन गाण्यांची पट्टी आणि लय सारखी येऊ देऊ नये, तारांची जुळणी पुन्हा पुन्हा बदलावी लागणार नाही असे पाहावे, आणि सर्वांत कठीण गाणे सुरुवातीला ठेवू नये. संपूर्ण कार्यक्रम उभे राहून, न थांबता, दोन गाण्यांमधल्या निवेदनासह घरी अनेकदा करावा. साथीदाराला एका अदृश्य आधाराची सवय असते : तो चुकला तरी ढोलक किंवा बेस चालू राहतो आणि त्याला पुन्हा गाण्यात येता येते. एकट्याने गाताना आपण थांबलो की सारेच थांबते. म्हणून तालमीत चूक झाली तरी मागे न जाता पुढे जाण्याचाच सराव करावा. ओळ विसरली तर वादनाचे एक आवर्तन अधिक घ्यावे आणि मग पुढे जावे.

माईकचे तंत्र बहुतेक वादकांनी कधी शिकलेले नसते. गायनासाठी सर्रास वापरला जाणारा कार्डिऑइड माईक समोरचा आवाज अधिक आणि मागचा कमी पकडतो. तोंड त्याच्या अगदी जवळ नेले की खालचे स्वर फुगतात, लांब गेले की आवाज पातळ होतो. हळुवार ओळीला जवळ आणि खड्या स्वराला किंचित मागे, ही हालचाल रियाजातच बसवावी. माईकची जाळी मुठीत धरू नये, त्याने माईकचा दिशाविशेष बिघडतो आणि शिट्टी वाजण्याची शक्यता वाढते. मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावर आपल्याला स्वतःचे ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, आजवर आपण आपले वाद्य मागत आलो. आता आधी आपला आवाज मागावा आणि वाद्य त्याच्या खाली ठेवायला सांगावे.

दोन गाण्यांमध्ये काय बोलायचे तेही ठरवून ठेवावे. लांबलचक पार्श्वभूमी सांगण्याची गरज नसते. एखादे खरे वाक्य पुरते, आणि काही गाण्यांपूर्वी काहीच न बोलणे योग्य असते. आपण आधी कोणाकोणाच्या साथीला होतो हे दर कार्यक्रमात सांगण्याचा मोह टाळावा.

ध्वनिमुद्रण आणि हक्क

पहिले मुद्रण केवळ आवाज आणि एक वाद्य एवढेच ठेवावे. ज्याला चार वाद्ये वाजवता येतात तो एकामागून एक थर चढवत जातो आणि गाणे त्याखाली हरवते. डेव्ह ग्रोल यांनी निर्वाणा या बँडमधील ड्रम्सवादनानंतर १९९४ मध्ये स्वतःच्या नव्या प्रकल्पाचे पहिले मुद्रण जवळजवळ सर्व वाद्ये स्वतः वाजवून सुमारे आठवड्याभरात केले; ते शक्य झाले, कारण गाणी आधीपासून तयार होती. मुद्रण २४ बिटमध्ये (बिट हे ध्वनी किती बारकाईने टिपला जातो याचे माप) करावे आणि आवाजाची पातळी मीटरवरील लाल रेषेपासून बरीच खाली ठेवावी. स्ट्रीमिंगवर गाण्यांचा जोर सहसा सारख्या पातळीवर आणला जातो, म्हणून केवळ मोठे वाजावे यासाठी गाण्याचे चढ-उतार चिरडून टाकण्यात लाभ नाही.

हक्कांच्या बाबतीत पूर्वीचे आणि आताचे स्थान पूर्णपणे वेगळे असते. साथीदाराला बहुधा एका कामाचे ठरलेले मानधन मिळते आणि व्यवहार तेथेच संपतो. गायक-गीतकाराकडे मात्र दोन स्वतंत्र हक्क असतात : एक शब्द आणि चालीच्या रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत रचनेचे संरक्षण नोंदणीवर अवलंबून नसते, ते निर्मितीबरोबरच मिळते. तरीही मसुदे आणि मुद्रणे तारखेसह जपावीत. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा त्याची ओळख पटवणारा, अक्षरे व अंक मिळून बारा चिन्हांचा संकेत मिळवावा आणि आपल्या देशातील हक्कवसुली संस्थेकडे रचना नोंदवाव्यात, अन्यथा गाणे वाजत राहते आणि मोबदला आपल्यापर्यंत येत नाही. कोणी शब्दांत किंवा चालीत भर घातली असेल तर वाटणी त्याच दिवशी लेखी ठरवावी. त्याचप्रमाणे साथीच्या कामाचे जुने करार काळजीपूर्वक वाचावेत, कारण कराराच्या काळात केलेल्या रचनांवर दुसऱ्याचा हक्क सांगणारे किंवा त्या काळात स्वतंत्र कार्यक्रमास मनाई करणारे कलम त्यात असू शकते.

ज्यांच्या साथीला आपण आहोत त्यांना आपला बेत इतरांकडून कळू देऊ नये. तारखा जाहीर होण्यापूर्वी त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगावे, कोणत्या काळात आपण उपलब्ध नसू ते स्पष्ट करावे, आणि त्यांच्या मंचावरून स्वतःच्या गाण्यांची जाहिरात त्यांनी सुचवल्याशिवाय करू नये. पुढे स्वतःसाठी साथीदार नेमण्याची वेळ आली की त्यांना तालमीआधी गाण्याची पट्टी, लय, रचनेचा आराखडा आणि साधे मुद्रण द्यावे, मानधन आधी ठरवून वेळेवर चुकते करावे, आणि गाणे कसे हवे ते नेमक्या शब्दांत सांगावे. त्यांच्या वाद्याचे बारकावे आपल्याला माहीत असले तरी प्रत्येक ठेका आणि प्रत्येक सूर त्यांना सांगत बसू नये. गाण्याची दिशा सांगून झाली की पहिल्या फेरीत त्यांना जे सुचते ते वाजवू द्यावे आणि त्यातले काय ठेवायचे ते नंतर ठरवावे.