जनरेटरची वीज उलटी लाईनवर जाऊ नये म्हणून चेंजओव्हर असा बसवा

कोल्हापुरात पंचगंगेला मोठा पूर आला की पाणी शिरलेल्या भागाची वीज बंद ठेवावी लागते; २०१९ आणि २०२१ ला तेच झालं. अशा वेळी दोन्ही टोकांना पिन लावलेल्या वायरीनं जनरेटर थेट घरातल्या सॉकेटला जोडणं हा सगळ्यात घातक प्रकार. मेन चालू राहिला तर वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. डीपीतला (खांबाजवळच्या वीज वितरण केंद्रातला) ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, तसाच तो उलटाही चालतो. जनरेटरच्या २३० व्होल्टचे पलीकडे सुमारे १० हजार होतात आणि लाईन बंद समजून काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेततं. शेजाऱ्यांचा लोड येऊन जनरेटर आपोआप बंद पडेल, यावर विसंबू नका. तार मध्येच तुटलेली असेल तर तो लोड येतच नाही.

मेन बंद करायचं लक्षात ठेवू, हाही उपाय नव्हे. शेजारी-शेजारी दोन सुटे एमसीबीही (जादा करंट आला की आपोआप पडणारे स्विच) नकोत, घाईत दोन्ही वर राहतात. मेन–बंद–जनरेटर अशा तीन जागांचा हाताचा चेंजओव्हर घ्या, म्हणजे घर एका वेळी मेन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच. सिंगल फेजला दोन पोलचा (एकदम दोन तारा तोडणारा), थ्री फेजला चार पोलचा, कारण न्यूट्रलही तुटलाच पाहिजे. मेन एमसीबी ४० अँपिअरचा असेल तर स्विच ६३ चा.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, पुरवठा बंद करून. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

१. मीटरनंतरच्या मेन एमसीबीची फेज-न्यूट्रल वायर स्विचच्या मेन बाजूला.

२. जनरेटरची वायर त्याच्या एमसीबीतून दुसऱ्या बाजूला. ५ केव्हीए म्हणजे साधारण २२ अँपिअर. २० चा एमसीबी आणि ४ चौरस मिमी तांब्याची वायर.

३. सामाईक टर्मिनलवरून घराच्या डीबीला (सगळ्या खोल्यांचे एमसीबी असलेल्या डब्याला).

४. अर्थिंगची वायर स्विचमधून न्यायची नाही, ती अखंड ठेवायची. जनरेटरची बॉडी अर्थ करा आणि न्यूट्रल जनरेटरपाशीच अर्थला जोडून घ्या. हे राहिलं तर जनरेटरवर असताना गळती झाली तरी आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत नाही.

छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर त्याची जोडणी चेंजओव्हरच्या मेन बाजूलाच ठेवा. डीबीत जोडलं तर सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड समजतो, आणि घरातला वापर कमी झाला की उरलेली वीज जनरेटरमध्ये ढकलतो. वीज गेल्यावर सोलर बंद पडतं तो बिघाड नव्हे. लाईनवर वीज जाऊ नये म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं.

मग तपासणी. दोन्ही पुरवठे बंद ठेवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावा. स्विचचा दांडा तिन्ही जागांवर फिरवत मेन आणि जनरेटरची टर्मिनलं एकेक पोल तपासा. बीप कुठेच येता कामा नये. नंतर मेन एमसीबी पाडून जनरेटर चालवा आणि स्विचच्या मेन टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावा. डिजिटल मीटर तिथे नुसत्या इंडक्शननं काही व्होल्ट दाखवू शकतो. दिवा मात्र अजिबात पेटता कामा नये.

स्विच भिंतीवरच्या जुन्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. उद्यमनगरातल्या थ्री फेज वर्कशॉपमध्ये जनरेटरवर पहिल्यांदा गेल्यावर एक मोटर क्षणभर चालवून फिरण्याची दिशा बघा. उलटी फिरली तर सगळं बंद करून जनरेटरच्या बाजूचे दोन फेज अदलाबदल करा, मोटरचे नव्हे.