'औदुंबर'च्या आठ ओळी आणि कवितेच्या विश्लेषणातल्या नेहमीच्या चुका

दहावीला रसग्रहणाचा एक साचा हाताला बसतो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये आणि प्रत्येकाचा एकेक परिच्छेद. त्या परीक्षेपुरता तो ठीक आहे. बी.ए.ला मराठी घेतल्यावर मात्र पहिल्याच लेखी कामावर 'वर्णनात्मक झाले आहे' असा शेरा येतो, आणि वर्णनात्मक म्हणजे नेमकं काय हे फारसं कुणी उलगडून सांगत नाही. म्हणून इथे एकच कविता समोर ठेवू. बालकवींची 'औदुंबर': आठ ओळी, अनेकांना तोंडपाठ, आणि वरवर बघता अगदी सोपी.

बहुतेक निबंध सुरू होतात ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म 1890, जळगावचं 1907 चं कविसंमेलन, तिथे मिळालेली 'बालकवी' ही पदवी, 1918 मधला रेल्वे अपघात या क्रमाने. माहिती खरी आहे, पण हजार शब्दांतले दीडशे त्यात संपतात आणि कविता अजून उघडलेलीच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही जण त्या मृत्यूची चाहूल 'काळ्या डोहा'त शोधतात. कवी पुढे अपघातात गेला म्हणून आधी लिहिलेल्या डोहाचा रंग बदलत नाही. चरित्राला एखादं वाक्य पुरे. 'कवीला असे वाटते' हेही जपून लिहा, कारण या कवितेत 'मी' एकदाही येत नाही. एवढंच नाही, तर चार घरांचं गाव असूनही एकही माणूस दिसत नाही. जे दिसतं ते कवितेच्या निवेदकाच्या नजरेतून.

दुसरी चूक म्हणजे गद्य सारांश. 'दोन्ही तटांवर हिरवळ आहे, झरा वाहतो आहे, पलीकडे गाव आहे...' वाचणाऱ्याने कविता वाचलेली असते, त्याला ती पुन्हा सांगायची गरज नाही. ओळखायला सोपी खूण: तुमच्या परिच्छेदांचा क्रम आणि कवितेच्या ओळींचा क्रम जर अगदी एकच असेल, तर बहुधा सारांशच झाला आहे.

मग लिहायचं काय? आधी विधान हवं. 'बालकवींनी निसर्गाचे अप्रतिम वर्णन केले आहे' हे विधान होत नाही, कारण त्याला कुणी हरकतच घेऊ शकत नाही. विधान शोधायला कविता एका ओळीआड वहीत उतरवा आणि तीनदा वाचा. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघ मारा: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी आणि शेवटी 'बसला'. तिसऱ्या ओळीत क्रियापदच नाही. दुसऱ्या वाचनात रंग: हिरवा पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत, निळासांवळा दुसऱ्या, पांढरा पाचव्या, काळा सहाव्या आणि सातव्या. आठव्या ओळीत रंगाचा शब्द नाही. तिसऱ्या वाचनात जागा: तट, बेटं, टेकडी, मळे, कुरण, डोह.

आता या खुणा एकमेकींशेजारी ठेवल्या की काहीतरी दिसायला लागतं. हिरवा आणि काळा हे दोन रंग एकत्र येतात ते फक्त सहाव्या ओळीत: 'हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे'. चालते कोण, तर पायवाट. यातून विधान असं तयार होईल: 'या कवितेत हिरव्याकडून काळ्याकडे आणि गतीकडून स्थिरतेकडे होणारा प्रवास पायवाट घडवते, औदुंबर हे त्या प्रवासाचे थांबण्याचे ठिकाण आहे.' यावर वाद घालता येतो. झरा पायवाटेच्या आधीपासून वाहतोय, त्याचं काय, असं कुणीही विचारू शकेल. विचारलं तर उत्तमच, तो तुमचा पुढचा परिच्छेद.

एका परिच्छेदात विधान, कवितेतला शब्द आणि तो शब्द काय करतो याचं स्पष्टीकरण, इतकं यायलाच हवं. बहुतेकांचं तिसरं राहतं. अवतरण टाकलं की मुद्दा सिद्ध झाला असं वाटतं, आणि पुढचं वाक्य 'यातून कवीची प्रतिभा दिसते' असं येतं. एका ओळीच्या अवतरणामागे तुमची निदान तीन-चार वाक्यं हवीत. तेवढी सुचत नसतील तर अवतरण छोटं करा, एका शब्दापर्यंत आणलं तरी चालेल.

अलंकार आणि वृत्त यांची तर नुसती यादी होते. 'येथे चेतनगुणोक्ती (माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखं वागवणारा अलंकार) आहे' हे लिहून थांबू नका. माणूस नसलेल्या या चित्रात माणसाच्या क्रिया कुणाला दिल्या आहेत ते बघा: वाट चालते, झाड पाय टाकून बसतं. वृत्ताचंही तसंच. मात्रा स्वतः मोजा. ह्रस्वाची (लघूची) एक, दीर्घाची (गुरूची) दोन. जोडाक्षराआधीच्या ह्रस्वावर आघात आला तर त्याच्याही दोन ('गर्दी'त 'ग' गुरू होतो, 'हिरव्या'त 'र' लघूच राहतो). ओळीच्या शेवटचं लघू अक्षर गरज पडेल तिथे गुरू धरा. प्रत्येक ओळ 27 मात्रांची निघते, 8, 8 आणि 11 अशी. गंमत पुढे आहे. सहा ओळींत पहिल्या आठ मात्रांवर शब्द नीट संपतो. पाचव्या ओळीत मात्र तो तुटतो: 'पायवाट पां | ढरी'. सहाव्यातही 'कुरणा | मधुनि'. याच दोन ओळी पायवाटेच्या आहेत, आणि ती वाट 'अडवीतिडवी' आहे. छंदाचा मुद्दा असा विधानाला येऊन मिळत असेल तरच घ्या, नाहीतर वृत्ताचं नाव एका वाक्यात सांगून सोडून द्या.

व्याकरणाकडे तर कुणी बघतच नाही. सातव्या ओळीत ('गोड काळिमा पसरी लाटांवर') 'पसरी'चा कर्ता कोण? काळिमा स्वतःच पसरतो, की आठव्या ओळीतला औदुंबर तो पसरवतो? दोन्ही अन्वय, म्हणजे वाक्यातल्या शब्दांच्या जुळण्या, लागतात. पहिला घेतला तर झाड अंधारात निमूट बसलेलं आहे, दुसरा घेतला तर तो अंधार झाडाचाच आहे. यातला एक निवडा आणि का निवडला ते सांगा.

प्रतीकांचा मोह शेवटी गाठतोच. औदुंबर म्हणजे दत्तस्थान, औदुंबर म्हणजे संन्यासी, डोह म्हणजे मृत्यू. या झाडाचे असे अर्थ समीक्षेत पूर्वीपासून लावले गेले आहेत आणि गाइडांमधून ते तयार मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण समीक्षकाचं नाव सांगून घ्या आणि कवितेतला कुठला शब्द त्याला आधार देतो ते दाखवा. संन्यासी म्हणायला 'पाय टाकुनी... बसला' ही बसण्याची ढब थोडीफार उपयोगी पडते. दत्तस्थानासाठी झाडाच्या नावापलीकडे काहीच हाती लागत नाही. आमच्या मते तो अर्थ बाहेरून आणलेला आहे.

अवतरणं आठवणीतून किंवा इंटरनेटवरून उतरवू नका, पाठभेद फार आहेत. एक छापील आवृत्ती घ्या, तिचं नाव, वर्ष आणि पान द्या, आणि 'निळासांवळा'वरचा जुना अनुस्वार तिथे असेल तर तसाच ठेवा. 1962 चे लेखननियम तुमच्या गद्याला लागू आहेत, अवतरण मात्र छापील पाठाप्रमाणेच द्या.

समारोपात मुद्दे पुन्हा मांडण्याऐवजी विधानात न बसणारा एखादा शब्द घ्या. इथे तो 'गोड' आहे. काळिमा 'गोड' का? कवितेला सरळ उदास ठरवणारा प्रत्येक निबंध या शब्दाला वळसा घालून जातो, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.